आपला मोहल्ला, आपल्याच नजरेने

आज आपल्या वस्तीत कॅमेरा नाही असे घर शोधूनही सापडणार नाही. पूर्वी ईदच्या दिवशी नवे कपडे घालून सगळे कुटुंब स्टुडिओत जायचे. फोटोग्राफर हनुवटी जरा वर करायला सांगायचा आणि आठ दिवसांनी फोटो हाती पडायचा. तो फोटो चाळीस वर्षे भिंतीवर राहायचा. आता पाचवीतला मुलगा दिवसाला वीस-पंचवीस फोटो काढतो, पण मागच्या वर्षीचा एखादा फोटो मागितला तर तो देता येत नाही. फोन बिघडला, बदलला, मेमरी फुल झाली म्हणून पुसून टाकला, अशी उत्तरे मिळतात.

आणखी एक गोष्ट आम्हा शिक्षकांना बरेच दिवस खटकत होती. आपल्या मोहल्ल्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात ते बहुधा ठरावीक प्रसंगी. ईदच्या नमाजचे, गळाभेटीचे, नाहीतर तणावाच्या वेळी लागलेल्या बंदोबस्ताचे. वर्षाचे बाकीचे दिवस आपण जणू दिसतच नाही. पहाटे भट्टी पेटवणारा पाववाला, शिलाई मशीनवर रात्री उशिरापर्यंत वाकलेली आई, तंबोऱ्याची जवारी लावताना कान देऊन बसलेला कारागीर, दहावीच्या परीक्षेला घोळक्याने निघालेल्या मुली. हे फोटो बाहेरचा कोणी येऊन काढणार नाही. ते आपल्यालाच काढावे लागतील.

या विचाराने मिरजेत आम्ही काही शिक्षक, दोन स्थानिक फोटोग्राफर आणि आमचे माजी विद्यार्थी एकत्र आलो आणि मोहल्ल्यापुरती छायाचित्र स्पर्धा व तीन दिवसांचे प्रदर्शन भरवले. इतर गावांतील शाळा, तरुण मंडळे आणि महिला गटांना असे काही करावेसे वाटले, तर आमचा अनुभव उपयोगी पडावा म्हणून तो येथे मांडत आहोत.

जायज-नाजायजचा प्रश्न

पहिल्याच बैठकीत एका बुजुर्गांनी विचारले, "मास्तर, तस्वीर काढण्याची स्पर्धा घ्यायची म्हणता, पण हे जायज आहे का?" प्रश्न प्रामाणिक होता. तो हसण्यावारी नेला असता तर निम्मा मोहल्ला आमच्यापासून दूर गेला असता.

या विषयावर उलेमांमध्ये एकमत नाही, हे आम्ही मोकळेपणाने सांगितले. इजिप्तचे मुफ्ती राहिलेले शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे हाताने घडवलेली प्रतिमा नव्हे, तर सावली धरून ठेवणे आहे, असे मत मांडून तो जायज ठरवला होता. आपल्याकडील अनेक उलेमांनी मात्र सजीवांच्या फोटोला पासपोर्ट, हज, ओळखपत्र अशा गरजेपुरतीच मुभा दिली. दोन्ही मतांची माणसे आपल्या घराघरांत आहेत. हा वाद सोडवणे आमचे काम नव्हते आणि तेवढी आमची पात्रताही नाही. म्हणून आम्ही एवढेच केले की, चेहऱ्याशिवायच्या फोटोंचा एक स्वतंत्र विभाग ठेवला. इमारती, अवजारे, झाडे, पाणी, सावल्या, अक्षरे, असे विषय त्यात होते. प्रदर्शनही मस्जिदीच्या किंवा मदरशाच्या जागेत न भरवता शाळेच्या हॉलमध्ये भरवले. ज्या बुजुर्गांनी प्रश्न विचारला, त्यांच्या नातवाने याच विभागात जुन्या विहिरीच्या दगडांवरील दोरीच्या खुणांचा फोटो दिला.

मुलांना आम्ही दोन नावे मुद्दाम सांगितली. एक इब्न अल-हैसम यांचे. सुमारे ९६५ मध्ये बसरा येथे जन्मलेल्या या विद्वानाने 'किताब अल-मनाजिर' हा प्रकाश आणि दृष्टी यांवरील मोठा ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणारा उजेड पलीकडे कसा पडतो, याचे प्रयोग त्यांनी केले होते. दुसरे नाव मुहम्मद सादिक बे यांचे. इजिप्तच्या सैन्यातील या अभियंत्याने १८६१ मध्ये मदिना शरीफचे आणि १८८० मध्ये मक्का शरीफचे फोटो काढले. या शहरांचे आज माहीत असलेले सर्वांत जुने फोटो हेच. १८८१ मध्ये व्हेनिसच्या भूगोल परिषदेत त्यांना सुवर्णपदक मिळाले. कॅमेरा ही आपल्यासाठी परकी वस्तू नाही, एवढे मुलांना यातून कळले.

स्पर्धेआधी एक दिवस कार्यशाळेचा

स्पर्धा जाहीर करून मोकळे झालो असतो तर सेल्फी आणि सूर्यास्त यांचा ढीग आला असता. म्हणून आधी एका रविवारी कार्यशाळा घेतली. वर्गाच्या खिडक्यांना काळा कागद लावला, एका कागदाला बोटाच्या जाडीचे छिद्र पाडले आणि समोर पांढरी चादर टांगली. बाहेर ऊन लख्ख होते. डोळे अंधाराला सरावले तसा चादरीवर शाळेसमोरचा रस्ता दिसू लागला, पण उलटा. रिक्षा वरच्या बाजूने चालली होती आणि चिंचेचे झाड शेंड्यावर उभे होते. कॅमेरा म्हणजे काय, हे समजवायला त्यानंतर फार बोलावे लागले नाही.

मग फोटोग्राफर मित्रांनी चारच गोष्टी शिकवल्या. उजेड कुठून येतो ते आधी बघा. फोनचे झूम वापरू नका, दोन पावले पुढे जा. भिंग रुमालाने पुसा, कारण खिशातल्या फोनचे भिंग बोटांच्या तेलकटपणाने नेहमी धूसर असते. आणि एकच गोष्ट दहा वेळा, वेगवेगळ्या जागी उभे राहून काढा. खाली बसून काढलेला लहान मुलाचा फोटो आणि उभ्याने वरून काढलेला फोटो शेजारी ठेवले, तेव्हा मुलांना फरक न सांगता दिसला.

विषय आणि नियम

'निसर्ग', 'जीवन', 'आनंद' असे मोघम विषय दिले की फोटोही मोघम येतात. आम्ही चार विभाग ठेवले: हातांचे काम, आमचे घर, चेहऱ्याशिवाय, आणि जुना फोटो. वयाचे गट दोनच, सोळा वर्षांखालील आणि त्यावरील. फोन आणि मोठा कॅमेरा यांत भेद केला नाही. एका व्यक्तीने जास्तीत जास्त दोन फोटो द्यायचे, म्हणजे स्वतःच निवड करावी लागते आणि तीही तालीमच आहे. प्रवेश फी ठेवली नाही.

नियमांचा कागद एका पानाचा होता, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत. त्यातील महत्त्वाच्या बाबी अशा. फोटो कापणे, उजेड कमी-जास्त करणे चालेल. चेहरा गोरा करणारे फिल्टर, आकाश बदलणे, संगणकाकडून चित्र तयार करून घेणे चालणार नाही. फोटोचा हक्क काढणाऱ्याकडेच राहील. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती, असेच म्हटले आहे. आम्ही फक्त प्रदर्शनात आणि शाळेच्या संग्रहात ठेवण्याची परवानगी लिहून घेतली. अनेक स्पर्धांच्या अर्जांत 'सर्व हक्क आयोजकांकडे' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. आपल्या मुलांनी अशा अर्जावर सही करण्यापूर्वी तो वाचायला हवा.

फोटो कसा पाठवायचा, हेही स्पष्ट लिहावे लागते. बारा मेगापिक्सेलच्या फोनचा मूळ फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेल असतो. त्याची १२ बाय १८ इंचांची प्रिंट चांगली निघते. तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की आक्रसून बराच लहान होतो आणि मोठी प्रिंट फाटल्यासारखी दिसते. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर आणून द्या, असे सांगितले. ज्यांना दोन्ही जमत नव्हते, त्यांचे फोन घेऊन आमच्या विद्यार्थ्यांनी केबलने फोटो उतरवून घेतले.

इजाजत

सर्वांत जास्त वेळ आम्ही एका नियमावर घालवला. फोटोत ज्याचा चेहरा ओळखू येतो, त्याची इजाजत हवी. लहान मूल असेल तर आईवडिलांची हवी. 'फोटो काढू का?' एवढे विचारून भागत नाही. 'हा फोटो मोठा करून हॉलमध्ये लागेल, सगळा मोहल्ला बघेल, चालेल का?' असे विचारायचे. घरातल्या स्त्रीचा फोटो असेल तर तिच्या मुलाचा किंवा शोहरचा होकार पुरेसा नाही, तिने स्वतः हो म्हटले पाहिजे. जनाजा, रुग्णालयातील माणूस आणि मदत घेणारा हात, हे विषय आम्ही वगळायला सांगितले होते.

तरीही एक फोटो आला. गुरुवारी संध्याकाळी दर्ग्याबाहेर बसलेली एक वृद्ध स्त्री, पसरलेला हात, मागे दिव्यांची रांग. फोटो अप्रतिम होता. परीक्षकांपैकी दोघांनी तो पहिल्या तिनात धरला होता. नियमाकडे बोट दाखवून तो तिथेच बाजूला ठेवता आला असता. पण पसरलेला हात विषयांतून का वगळला, हे त्या मुलाला निकालापेक्षा त्या दादींकडून कळणे आम्हाला बरे वाटले. फोटो काढणाऱ्या त्या महाविद्यालयीन मुलाला विचारले, "यांना विचारलंस का?" तो म्हणाला, "सर, विचारलं असतं तर त्या तशा बसल्या नसत्या." त्याचे म्हणणे फोटोग्राफीच्या दृष्टीने खोटे नव्हते. आम्ही छोटी प्रिंट काढून दिली आणि त्याला परत पाठवले. दादींनी प्रिंट बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "बेटा, फोटो छान आहे. पण माझी लेक याच गावात दिली आहे. ती बघेल."

फोटो लागला नाही. मुलगा नाराज झाला आणि दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो दुसरा फोटो घेऊन. त्याच दादी होत्या, पण आता दर्ग्याच्या पायरीवर बसून एका लहानग्याच्या शर्टाचे बटण लावत होत्या. हा फोटो त्यांनी स्वतः पसंत केला होता. त्याला बक्षीस मिळाले नाही, कारण खरोखरच पहिल्याइतका जमलेला नव्हता. मात्र प्रदर्शनात तो लागला आणि दादी लेकीला घेऊन तो बघायला आल्या.

नाव कुणाचे?

मिरजेला तंतुवाद्यांची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी येथे तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि १९३७ मध्ये त्यांच्या निधनानंतर येथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे 'हातांचे काम' विभागात भोपळे, तूनचे लाकूड आणि तारा यांचे फोटो येणार, हे ठरलेलेच होते.

त्यांतला एक फोटो वेगळा निघाला. कारागीर भोपळ्याच्या आत हात घालून तो आतून साफ करत होता, कोपरापर्यंतचा हात आत गेलेला आणि चेहऱ्यावर पूर्ण एकाग्रता. परीक्षकांनी क्रमांकावरून निवड केली होती, नावे त्यांना माहीत नव्हती. पाकीट उघडले तर नाव एका अकरावीतल्या मुलाचे. मूळ फाइल आणि दोन प्रश्न, ही आमची खात्री करण्याची पद्धत होती. फोटो कुठे उभे राहून काढला, असे विचारल्यावर मुलगा गोंधळला आणि मग म्हणाला, "फोन माझा आहे. फोटो बहिणीने काढला." बहीण नववीत. अब्बा काम करताना ती चहा घेऊन गेली होती आणि माळ्याच्या शिडीवर बसून तिने तो फोटो काढला होता.

नियमाप्रमाणे अर्ज चुकीचा होता. पण आमचा मुख्य नियम होता, बटण दाबणाऱ्याचे नाव. म्हणून बाद करण्याऐवजी अर्ज दुरुस्त करायला सांगितला. अडचण पुढेच आली. वडील म्हणाले, "फोटो लावा, बक्षीस मुलाच्या नावाने द्या. मुलीचं नाव पेपरात कशाला?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. ती नाकारणे सोपे असते, पण आमच्यासारखे शिक्षक त्यांच्याच गल्लीत राहतात.

आम्ही त्यांना होमाई व्यारावाला यांची गोष्ट सांगितली. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांना आज ओळखले जाते, त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. फोटो त्यांचा, नाव दुसऱ्याचे. मग एवढेच विचारले, "तुमचा तंबोरा दुसऱ्याच्या नावाने विकला तर?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगीच कार्यालयात आली आणि म्हणाली, "अब्बा म्हणाले, हॉलमध्ये नाव लावा, पेपरात देऊ नका." मधला मार्ग तिला मान्य होता आणि निर्णय त्या घराचा होता. फोटोखाली तिचे पूर्ण नाव लागले. वर्तमानपत्राला विजेत्यांची यादी दिली नाही, फक्त प्रदर्शनाची बातमी दिली. कुणा एकीचेच नाव गाळलेले दिसू नये म्हणून तसे केले.

जुने फोटो

'जुना फोटो' या विभागाला बक्षीस नव्हते, पण गर्दी सर्वांत जास्त तिथेच होती. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगली-मिरज भागातील अनेक घरांत पाणी शिरले. भांडी धुऊन घेता आली, गाद्या नव्या घेता आल्या. भिजून एकमेकांना चिकटलेल्या अल्बमचे काय करायचे, हे कुणाला माहीत नव्हते. काही घरांत वडिलांचा एकुलता एक फोटो त्यात गेला.

यासाठी काही साध्या गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. भिजलेले फोटो एकावर एक वाळू देऊ नयेत. थंड स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून वेगळे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, तो काचेसकटच उतरवून घ्यावा. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नये, मऊ पेन्सिलने लिहावे. फोनने नक्कल काढताना फोटो सावलीच्या उजेडात सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि फोन बरोबर वर समांतर धरावा.

मूळ फोटो आम्ही कुणाकडूनही ठेवून घेतले नाहीत. समोरच नक्कल काढली आणि लगेच परत दिले. बरोबर एक चिठ्ठी भरून घेतली: फोटोत कोण, कुठे, साधारण कोणते साल, सांगणारा कोण. घराघरांतून दादा-दादींना नातवंडांनी आणले आणि चिठ्ठ्या भरता भरता भांडणेही झाली. हे मामू की त्यांचे धाकटे भाऊ, टोपी कुणाची, मागची भिंत कुठली. आमच्या मते स्पर्धेचे खरे काम त्या टेबलावर झाले.

निवड आणि मांडणी

परीक्षक तीन असावेत आणि तिघेही मोहल्ल्याबाहेरचे. आम्ही एक फोटोग्राफर, एक चित्रकला शिक्षक आणि एक ग्रंथपाल बोलावले. फोटो पडद्यावर न दाखवता छोट्या प्रिंट काढून टेबलावर मांडले, म्हणजे तुलना नीट होते. प्रत्येक विजेत्या फोटोमागे दोन ओळींचे कारण लिहून मागितले आणि ते फोटोशेजारी लावले. निकालावरची कुरकुर त्याने बरीच कमी झाली.

प्रिंट चकचकीत कागदावर न काढता मॅट कागदावर काढा, ट्यूबलाइटचा परावर्तित उजेड डोळ्यांवर येत नाही. फ्रेमचा खर्च टाळण्यासाठी प्रिंट सनबोर्डवर चिकटवले. फोटोचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर आणि मुलांच्या विभागात चार फुटांवर ठेवला. दोन फोटोंमध्ये हातभर जागा सोडा. फोटो कमी लावले तरी चालतील, पण भिंत बाजारासारखी दिसू नये. ओळी मोठ्या अक्षरांत, मराठी आणि उर्दूत लिहा.

तारीख ठरवताना परीक्षा, रमजान आणि पावसाळा टाळा. जागतिक छायाचित्रण दिन १९ ऑगस्टला असतो, कारण १८३९ मध्ये त्या दिवशी पॅरिसमध्ये फोटो काढण्याची पद्धत सर्वांसाठी जाहीर करण्यात आली. पण आपल्याकडे तेव्हा भिंती ओलसर असतात. जुम्म्याच्या वेळेत हॉल बंद ठेवा. दुपारी दोन ते पाच आम्ही फक्त स्त्रियांसाठी राखले आणि त्या वेळी व्यवस्थाही मुलींनीच पाहिली. त्या तीन तासांत हॉल सर्वांत भरलेला असे. खर्चासाठी मोहल्ल्यातील दुकानदारांनी प्रत्येकी काही प्रिंटचे पैसे दिले. नेत्यांचे फलक घेतले नाहीत, त्यामुळे उद्घाटनाला कोण, हा वादही उद्भवला नाही. फीत वयाने सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान स्पर्धकाने मिळून कापली.

प्रदर्शनानंतर

प्रदर्शन संपल्यावर प्रिंट गठ्ठा बांधून कपाटात पडणार नाहीत, हे आधीच ठरवा. आम्ही ज्याचा फोटो त्याला प्रिंट भेट दिली. पाववाल्याच्या भट्टीशेजारी, शिंप्याच्या दुकानात आणि तंबोऱ्याच्या कारखान्यात आज त्या लागलेल्या आहेत. सर्व फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या. एक शाळेत आणि दुसरी उंचावरच्या वस्तीतील एका घरी, पाण्यापासून दूर. जुन्या फोटोंच्या चिठ्ठ्यांची वही शाळेच्या ग्रंथालयात आहे आणि लोक अजूनही येऊन त्यात दुरुस्त्या करतात.

आपल्या गावात एवढे सगळे एकदम जमेलच असे नाही. मग सुरुवात एका टेबलापासून करा. येत्या सुट्टीत शाळेच्या एका खोलीत दोन दिवस बसा, घराघरांतून एकेक जुना फोटो मागवा, नक्कल काढा आणि मागे कोण आहे ते लिहून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत, एक फोन आणि एक वही पुरते. मात्र ते लवकर करा, कारण फोटोतली नावे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.